लसूण-कोथिंबिरीच्या लोण्याला चौथ्या दिवशी पाणी सुटायलंय, आंबूस वास यायलाय? आधी हे बघा

गेल्या दोन महिन्यांत मला हा प्रश्न चौघींनी विचारला आणि चौघींचं सांगणं अगदी एकसारखं. घरच्या लोण्यात लसूण, कोथिंबीर, मिरची घालून डबा भरला, पहिल्या दिवशी पावाला लावून दिलं तर लेकरांनी बोटं चाटली, दुसऱ्या दिवशी पण ठीक, आणि चौथ्या दिवशी झाकण उघडलं की तळाला पांढरट पाणी आणि आंबूस वास. फ्रीजमध्ये ठेवून सुद्धा. मध्यंतरी परभणीच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंनी व्हिडिओ कॉल लावून डबाच दाखवला, म्हणल्या अगं हे बघ पाणी सुटायलंय, मीठ जास्त पडलं का गं? मी म्हणलं अक्का, डबा जरा तिरका करा. तिरका केला तर कडेनं दुधाळ पाण्याची धार आली, चमचाभर तरी असेल. ते बघितल्यावर पुढं काही विचारायची गरजच राहिली नाही, कारण ते ताक होतं.

मिठाचा दोष नाही, लसणाचा नाही आणि फ्रीजचा पण नाही. लोण्यातलं ताक पुरतं निघालेलं नसतं, बाकी सगळ्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

आपल्याकडं हे लक्षात का येत नाही ते सांगते. आपल्या घरात लोणी ही ठेवायची वस्तू कधी नव्हतीच. सकाळी ताक घुसळलं, लोण्याचा गोळा निघाला, एखादा गोळा गरम भाकरीवर गेला आणि उरलेलं त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी कढवून तूप. कढवताना सगळं पाणी उडून जातं, ताकाचा जो अंश असतो तो बेरी होऊन खाली बसतो, म्हणून लोण्यात ताक राहिलं काय आणि नाही राहिलं काय, कुणाचं काही अडत नव्हतं. आता आपण तेच लोणी न कढवता त्यात ओली कोथिंबीर, लसूण घालून आठवडाभर ठेवायला लागलो, तर तेच राहिलेलं ताक नडतंय.

विकतच्या बटरमध्ये पण पाणी असतं बरं का. किमान 80 टक्के फॅट आणि पाणी जास्तीत जास्त 16 टक्के असा नियम आहे. पण तिथं ते पाणी मशीनमध्ये मळून मळून इतक्या बारीक थेंबांत पसरवलेलं असतं की जंतूंना वाढायला जागाच मिळत नाही, वरून मीठ असतं. आपल्या घरच्या लोण्यात थेंब मोठे आणि ते पण ताकाचे, म्हणजे त्यात दुधातली साखर आहे, प्रोटीन आहे, जंतूंना आयतं जेवणाचं ताटच वाढून ठेवल्यासारखं. साखरेचं आम्ल होतं आणि वास यायला लागतो.

आता उपाय. आधी धुणं, मग मळणं. धुणं सगळ्यांना माहीत असतं, मळणं बहुतेक जणी सोडून देतात, आणि खरं काम तिथंच आहे.

लोणी वर आलं की ताक गाळून बाजूला काढा, कढीला होतं. मग लोण्याच्या गोळ्यावर गार पाणी ओतायचं, हातानं नाही तर लाकडी उलथन्यानं दाबायचं, पाणी पांढरं होतं ते ओतून द्यायचं, परत गार पाणी. तिसऱ्या वेळी पाणी जवळजवळ नितळ दिसतं, तिथं थांबा. सहा सहा सात सात वेळा धुणाऱ्या पण आहेत, त्यानं लोण्याची चव धुऊन जाते आणि पाणी वाया जातं. आम्ही लातूरचे, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही बघितलंय, त्यामुळं धुतलेलं पाणी मोरीत ओतायचा हात होत नाही, ते मी कढीपत्त्याच्या झाडाला घालते. आणि एक महत्त्वाचं, शेवटचं पाणी पिण्याचं घ्या, उकळून गार केलेलं असेल तर सगळ्यात चांगलं. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यानं शेवटची धुणी केली तर ताक काढलं आणि नवीन जंतू घातले असं होतं. हे मी स्वतः दोनदा करून बसलेय.

आता मळणं. पसरट परात घ्या, फ्रीजमध्ये दहा मिनिटं ठेवून गार करा, एका बाजूला खाली वाटी नाहीतर घडी केलेलं फडकं सरकवून ती तिरकी ठेवा. वरच्या बाजूला लोणी ठेवायचं आणि उलथन्याच्या चपट्या बाजूनं दाबून पसरवायचं, परत गोळा करायचा, परत दाबायचं. पहिल्या दोन मिनिटांत काहीच दिसत नाही, वाटतं झालं की, कोरडंच आहे. मग दाबलं की लोण्यावर बारीक बारीक थेंब फुटतात, उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर घाम फुटतो ना अगदी तसे, आणि ते थेंब एकमेकांत मिसळून परातीच्या खालच्या कडेला ओघळतात. मी 250 ग्रॅम लोण्यातून एकदा मोजून बघितलं तर दोन मोठे चमचे पाणी निघालं, आणि ते धुतल्यानंतर! हेच ते पाणी जे चौथ्या दिवशी डब्याच्या तळाला दिसतं.

मीठ इथं घालायचं, शेवटी नाही. पाऊण चमचा बारीक मीठ लोण्यात मळून टाका आणि परात अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मीठ आतलं पाणी ओढून घेतं, बारीक थेंबांचे मोठे थेंब होतात, मग परत एकदा दाबून मळलं की ते निघून जातात. थोडं मीठ पण पाण्याबरोबर जातं, चव घेऊन वाटलं तर चिमूटभर वाढवा. अक्कांनी मीठ घातलं होतं पण लोणी, मीठ, कोथिंबीर, लसूण सगळं एकदाच मिक्सरला फिरवलं होतं, मग मिठानं लोण्यातलं पण पाणी ओढलं आणि कोथिंबिरीतलं पण, आणि ते जायचं कुठं? डब्यातच राहिलं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याच म्हणतो, त्यांना फ्लेवर्ड बटर हा शब्द पण माहीत नव्हता पण त्या लोण्याचा गोळा या तळहातावरून त्या तळहातावर आपटत राहायच्या आणि प्रत्येक वेळी बोटांच्या फटीतून पाणी झटकायच्या. मला नवीन लग्न झाल्यावर वाटायचं ही उगं सवय आहे. आता कळतंय की त्या मळतच होत्या.

उन्हाळ्यात एक वेगळीच अडचण येते, धुऊन मळून पण पाणी निघत नाही, लोणी नुसतं तेलकट मऊ होऊन उलथन्याला चिकटतं. हे गरमीनं होतं. साय घुसळताना ती 12 ते 14 अंशांच्या आसपास असली की लोणी दाणेदार निघतं आणि ताक सोडतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बाहेर 42 अंश, स्वयंपाकघरात गॅस चालू, मिक्सरचं भांडं फिरून फिरून स्वतःच गरम, मग फॅट अर्धवट वितळतं आणि ताकाला पोटात घेऊन बसतं. म्हणून उन्हाळ्यात पहाटे घुसळा, नाहीतर रात्री सगळं आवरल्यावर, मिक्सरच्या भांड्यात चार-पाच बर्फाचे खडे टाका आणि थांबून थांबून फिरवा, सलग फिरवू नका. लोणी मऊ पडलंच तर घाई करून मळत बसू नका, बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, घट्ट झालं की मग मळा. हिवाळ्यात बरोबर उलटं. अक्कांच्या परभणीत थंडीत पारा 10 च्या खाली जातो, तेव्हा फ्रीजमधली साय तशीच घुसळली तर नुसता फेस होतो, लोणी येतच नाही, तिथं साय आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायची किंवा दोन-तीन चमचे कोमट पाणी घालायचं.

म्हशीचं लोणी गाईच्या लोण्यापेक्षा घट्ट असतं त्यामुळं मळायला सोपं जातं. आमच्याकडं देवणी गाईचं दूध येतं, त्याचं लोणी पिवळसर आणि चवीला फार गोड पण लवकर मऊ पडतं, त्याला परात दोनदा गार करावी लागते. म्हशीच्या लोण्याचा रंग पांढराशुभ्र असतो, त्यात काही भेसळ नाही, गाईच्या दुधात जो कॅरोटीनचा पिवळा रंग उतरतो तो म्हशीच्या दुधात उतरत नाही एवढंच. पिवळं हवंच असेल तर वसमतच्या हळदीची चिमूट चमचाभर तुपात कोमट करून घाला, कच्ची घातली की कडवट लागते.

हे झालं लोण्याचं. आता आत जे घालतो त्याचं.

कोथिंबीर धुतली आणि चिरून लगेच घातली, हे चुकतंय. धुऊन फडक्यावर पसरून पंख्याखाली दोन तास तरी ठेवा, पान हाताला कोरडं लागलं पाहिजे, काड्या काढून टाका कारण पाणी काड्यांत जास्त असतं. धारदार सुरीनं चिरा. मिक्सरमधून काढली की पानं ठेचली जातात, रस सुटतो आणि दोन दिवसांत काळी पडते. ओल्या मिरचीचा ठेचा घालायचा असेल तर आधी मिरच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा, पाणी तिथंच उडतं. कच्च्या मिरचीचा ठेचा भाकरीबरोबर कितीही झकास लागला तरी लोण्यात नको.

लिंबू पिळायचं नाही. रस म्हणजे पाणी, ते लोण्यात मिसळल्यासारखं वाटतं आणि रात्रीत वेगळं होतं. लिंबाचा वास हवा असेल तर सालीचा फक्त पिवळा भाग किसणीवर हलक्या हातानं किसून घाला. आमरसाचं लोणी करायला जाल तर तेच होईल, आंब्यात पाच भागांतले चार भाग पाणीच असतं. केसर आंब्याचा रस कढईत आटवून गोळा होईपर्यंत घट्ट केला आणि पूर्ण गार करून घातला तर जमतं, दोन दिवसांत संपवायचं. गूळ घातलेलं लोणी तर त्याच दिवशी संपवा, गूळ हवेतलं पण पाणी ओढतो.

लसणाबद्दल मात्र नीट वाचा, ही गोष्ट वासाच्या पलीकडची आहे.

आधी छोटी तक्रार. लसूण हिरवा-निळा पडला म्हणून दोघींनी सगळा डबा फेकून दिला. फेकायची गरज नव्हती. लसणात गंधकाचे पदार्थ असतात, आंबट लागलं की त्यांचा रंग बदलतो, लोणच्यात पण होतं, आणि बरेच दिवस थंडीत ठेवलेल्या लसणाला जास्त होतं. विरजण लावलेल्या सायीचं लोणी मुळातच आंबटसर असतं म्हणून त्यात दिसतं. खायला काही धोका नाही. पण याचा अर्थ ताक शिल्लक आहे असा पण होऊ शकतो, नीट मळून काढलेल्या लोण्यात मला हा रंग क्वचित दिसला.

धोका दुसरा आहे. लसूण मातीत वाढतो, मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू त्याला चिकटलेले असू शकतात. लोण्यानं, तेलानं चहूबाजूंनी झाकला की लसणाला हवा लागत नाही, आणि या जंतूला हेच पाहिजे असतं, हवा नको, आंबटपणा कमी, थोडी ऊब. त्याचं विष वासावरून, चवीवरून, रंगावरून ओळखू येत नाही. लसूण तुपात परतून घेतला म्हणजे झालं असं नाही, नुसत्या परतण्यानं ते बीजाणू मरत नाहीत. म्हणून लसणाचं लोणी ओट्यावर ठेवायचं नाही, पाहुणे आलेत म्हणून सकाळपासून टेबलावर तर अजिबातच नाही. फ्रीजमध्ये माझी मर्यादा चार दिवस आहे. त्यापेक्षा जास्त टिकवायचं असेल तर केल्या केल्या फ्रीझरमध्ये, बटर पेपरमध्ये सुरळी वळून, घट्ट झाल्यावर चकत्या कापून डब्यात, हवी तेवढी चकती काढायची. तिथं दोन महिने चव चांगली राहते. किंवा ओल्या, म्हणजे नेहमीच्या ताज्या, लसणाऐवजी पूर्ण वाळलेल्या लसणाची पावडर घाला, पाणीच नाही म्हणल्यावर जंतू वाढणार कशावर. चव ओल्या लसणाची येत नाही हे खरंय, पण घरात लेकरं म्हातारी माणसं खाणार असतील तर मी पावडरच घालते.

लाईटचं पण बघा. आपल्याकडं तीन-चार तास लाईट जाणं नवीन नाही. फ्रीज उघडला नाही तर साधारण चार तास आतला गारवा टिकतो, त्यामुळं लाईट गेली की लोण्याच्या डब्याला हात लावू नका. त्यापेक्षा जास्त वेळ गेली आणि लोणी मऊ पडलं असेल तर लसणाचं लोणी टाकून द्या. जीवावर येतं, माहितीय, पण टाका. लसूण नसलेलं साधं लोणी असेल तर लगेच कढवून तूप करा. कढवायचा कंटाळा करून नुसतं परत फ्रीजमध्ये घातलं की ते रवाळ होतं, जिभेला वाळूसारखं लागतं, कारण वितळून हळूहळू गोठताना फॅटचे मोठे कण बनतात. ते फेटून परत पहिल्यासारखं होत नाही, उगं मेहनत करू नका.

आता वास ओळखायचा कसा, कारण सगळ्याच जणी "खराब वास" म्हणतात आणि वास तीन प्रकारचे असतात. आंबूस, ताकासारखा असेल तर ताक राहिलंय, वर सांगितलं ते सगळं करा. जुन्या तेलाच्या डब्यासारखा, जुन्या शेंगदाण्यासारखा खवट असेल तर हवा आणि उजेड लागलाय, काचेच्या बरणीत ठेवू नका, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात वरपर्यंत दाबून भरा म्हणजे आत हवा राहणार नाही. आणि चवीला कडू असेल तर गडबड सायीत आहे. पंधरा पंधरा दिवस फ्रीजमध्ये रोज साय टाकत जातो ना, खालची साय कडू होते, आणि ती कडू चव कितीही धुतलं तरी जात नाही. पहिल्याच दिवशी भांड्यात चमचाभर ताजं दही घाला आणि साय त्यात टाकत जा, आठवड्याच्या आत घुसळा, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये साठवा.

कांदा कापून उघडा ठेवलेल्या फ्रीजमध्ये लोणी कांद्याचंच होतं, हे सांगायला नको.

माझं स्वतःचं मत विचाराल तर आपल्या हवेला ओल्या मसाल्याचं लोणी फार मानवत नाही. मी सगळ्यात जास्त करते ते कारळाच्या चटणीचं लोणी. भाजलेलं कारळ, सुकी लाल मिरची, मीठ, चार पूर्ण वाळलेल्या लसणाच्या पाकळ्या कुटून घेतलेली कोरडी चटणी, 200 ग्रॅम मळलेल्या लोण्याला तीन मोठे चमचे. आत पाण्याचा थेंब जात नाही, आणि ज्वारीच्या कडक भाकरीवर गरम गरम लावलं की कारळाचा तो खमंग वास आधी येतो आणि लोणी नंतर जिभेवर वितळतं. येसर, म्हणजे आपली भाजलेल्या धान्य-मसाल्यांची पूड, घालून पण होतं, तिखट जरा जपून. जवसाच्या चटणीचं पण छान लागतं पण जवसाचं तेल फार लवकर खवट होतं, तीन-चार दिवसांपुरतंच करा. आणि चटणीत लसूण वाळलेलाच पाहिजे, ओला घातलात तर वरचे सगळे नियम परत लागू.

अक्कांनी गेल्या रविवारी परत केलं, या वेळी साधं मीठ-लोणी आधी, मळून, पाणी काढून, मग वाळवलेली कोथिंबीर आणि भाजलेली मिरची, लसूण न घालता. काल चौथा दिवस होता. फोन करून म्हणल्या, डबा पूर्ण उलटा केलाय, थेंब पडत नाही. मी म्हणलं वास घ्या. म्हणल्या कोथिंबिरीचा येतोय.